बाहेरचा माल

अल्माटीच्या त्या काचेच्या शोरूममध्ये अबिल्दा अतांना, म्हणजे अबिल्दा आजोबांना, एकच काम होतं. नव्या गाडीसमोर उभं राहायचं, दोन्ही तळवे आभाळाकडे करायचे आणि दुवा द्यायची. गाडी विकली गेली की येरसाइनचा फोन यायचा, "अता, उद्या सकाळी एक पांढरी आहे, दुपारी दोन काळ्या." जसं काही म्हातारा दुवा देत नव्हता, गाडीला टायर चढवून देत होता.

येरसाइन हा तिथला मॅनेजर. चकचकीत बुटांचा, बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघणारा. गाड्या विकायचं खातं त्याच्याकडे आणि दुरुस्तीचंही त्याच्याकडेच, त्यामुळे गिऱ्हाइकाला मिठी कधी मारायची आणि ओळख कधी विसरायची, दोन्ही त्याला छान जमायचं. कुणाच्या तरी लग्नात त्यानं अतांची दुवा ऐकली होती. छातीपर्यंत दाढी, खर्जातला आवाज आणि शब्द असे, की ऐकणाऱ्याचे हात आपोआप उघडावेत. मांडवातल्या बाकी लोकांना त्या दुवेत आपापला आजा आठवला. येरसाइनला धंदा आठवला. नवी गाडी घेतली की कुणा म्हाताऱ्याची दुवा घेतल्याशिवाय आपल्यातला माणूस रस्त्याला लागत नाही, मग ती दुवा दुकानातच का मिळू नये?

अतांची स्वतःची टोपी त्याला पुरेशी पांढरी वाटली नाही. दुकानानं लोकरीची उंच नवी टोपी आणली, सोनेरी नक्षीचा मखमली शापान, म्हणजे पायघोळ झगा, आणला, आणि त्या शापानच्या पाठीवर दुकानाचं चिन्ह शिवून घेतलं. समोरून बघितलं तर अता पूर्वजांसारखे दिसत आणि मागून बघितलं तर पाटीसारखे. त्यांना हे कळत नव्हतं असं नाही. पण पेन्शन जेमतेम होती आणि बायकोचं दुखणं मोठं होतं, म्हणून ते अंगात घालत आणि काम झालं की खुंटीला टांगून मोकळे होत.

गिऱ्हाइकं तर एकापेक्षा एक. लाल फीत कापायची, दुकानातली पोरगी गाडीवर गोळ्या-चॉकलेटं उधळायची, आणि मग सगळ्यांनी तळवे उघडायचे. त्यातल्या निम्म्यांच्या एका हातात फोन. एका हातानं दुवा घेणारी माणसं अतांनी इथंच पहिल्यांदा बघितली. "अता, जरा लांबवा, व्हिडिओ छोटा होतोय," असं एकानं सांगितलं होतं. दुसऱ्यानं विचारलं होतं, "ह्यात अपघाताचं कव्हर येतं का?" आणि स्वतःच्याच विनोदावर तो पोट धरून हसला होता.  आपल्या बापानं शिकवलेले शब्द अता तसेच्या तसे म्हणत राहिले. तुमचा रस्ता पांढरा असो. वळणापलीकडे पाहुणा उभा असो, संकट उभं नसो. घरून निघालेला घरीच जेवायला येवो. आमीन.

त्यांची स्वतःचीही एक गाडी होती. ह्याच कंपनीची, हेच चिन्ह, हाच आकार, रंग तेवढा मातकट. जावई झांदोस खोर्गोसच्या सीमेवर माल ने-आण करायचा. त्यानं ती पलीकडून, चीनमधून स्वस्तात आणून दिली होती. इथल्या दुकानातल्या किमतीत तशी गाडी घ्यायची तर अतांना बेसकायनार गावातलं घर, गाय आणि झांदोस, तिन्ही विकावी लागली असती.

गाडी उत्तम होती, फक्त चिनी बोलायची. पडद्यावर चिनी अक्षरं आणि आतून एका बाईचा आवाज. वळण आलं की बोलायची, दार उघडं राहिलं की बोलायची, कधी कधी काही कारण नसतानाही बोलायची. अतांची बायको कुलपाश तिला सून म्हणायची. "सून आज गप्प आहे," किंवा "सुनेला तुमचं चालवणं पसंत पडलेलं दिसत नाही," असं तिचं शेजारच्या सीटवरून चालायचं. कुलपाशची मूत्रपिंडं निकामी झाली होती. दर दिवसाआड तिला शहरातल्या इस्पितळात न्यावं लागे, रक्त धुऊन आणायला. बस गावापर्यंत यायची नाही आणि परत येताना बाई उभी राहू शकायची नाही. गाडी होती म्हणून ती जगत होती, इतकं सरळ होतं ते.

आणि मग ब्रेक बिघडला. गावातून शहराकडं उतरणारा रस्ता सगळा वळणावळणाचा, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला ओढा. एका सकाळी सफरचंदांच्या बागेशेजारच्या उतारावर अतांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल दगडासारखं घट्ट झालं. दाबलं तरी जाईना. गाडी कुंपण मोडून बागेत शिरली आणि गवताच्या गंजीत नाक खुपसून थांबली. आतली बाई भराभर काहीतरी बोलत होती.

"सून काय म्हणते?" अतांनी विचारलं. 

"मला काय ठाऊक," कुलपाश म्हणाली. "पण सुना ह्या आवाजात बोलतात तेव्हा घरात काहीतरी फुटलेलं असतं."

त्या दिवसापासून ब्रेक कधी लागायचा, कधी नाही. बाजारातल्या मिस्त्रीनं गाडी उचलून बघितली आणि हात झटकले. ब्रेकचा बिघडलेला भाग बाहेर मिळत नाही, आणि मिळाला तरी कंपनीच्या कॉम्प्युटरनं ओळख पटवून दिल्याशिवाय गाडी तो स्वीकारत नाही, असं त्यानं सांगितलं. "शोरूमला न्या अता, तुम्ही तर तिथलेच," तो म्हणाला.

अतांनाही तसंच वाटलं. कारण त्याच आठवड्यात एका गाडीला दुवा देताना त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. येरसाइन गिऱ्हाइकापुढं मिरवत होता. मागच्या साली बनलेल्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये दोष निघालाय, कारखान्यानं तो स्वतः कबूल केलाय, तो भाग फुकट बदलून द्यायला सांगितलंय, आणि आम्ही आमच्या एकेका गिऱ्हाइकाला फोन करून बोलावून बदलून दिलाय. "माणसाचा जीव सगळ्यात आधी," असं तो छातीवर हात ठेवून म्हणाला होता. अतांना ते वाक्य आवडलं होतं.

इस्पितळातून निघाल्यावर, कुलपाशला शेजारी बसवून, अता गाडी घेऊन शोरूमच्या पुढच्या दारी गेले. रोज ते ह्याच दारानं आत जायचे. पहारेकऱ्यानं त्यांना सलाम केला, मग गाडीकडं बघितलं, मग नंबर कुठल्याशा यंत्रात दाबला आणि सलाम परत घेतल्यासारखा चेहरा केला.

"अता, ही मागच्या फाटकानं."

मागच्या फाटकाशी एक लोखंडी बाक होता, जुन्या टायरांचा ढीग होता आणि वर पत्रा होता. पुढं सोफे, काचेच्या पेटीतले मासे, दूध घातलेला चहा आणि ताजे तळलेले बाउरसाक. ज्यांनी गाडी इथून घेतली ते पुढं. ज्यांनी खोर्गोसहून, बिश्केकहून, दुबईहून, कुठूनही आणली ते मागं. कामगार मागच्या गाड्यांना सावत्र म्हणत. "दोन सावत्र आल्यात, थांबव त्यांना," असा पुकारा व्हायचा. आणि त्या थांबायच्या. सकाळी आलेली संध्याकाळपर्यंत थांबायची, आणि संध्याकाळी सांगितलं जायचं की तुमचं काम होत नाही. सकाळी सांगितलं असतं तर तोंडाला काही झालं असतं काय? पण सावत्राचा वेळ हा वेळ नसतो, असा तिथला रिवाज होता.

बाकावर तालगारचा एक टॅक्सीवाला सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला होता. त्यानं अतांना ओळखलं.

"अता, तुम्ही इकडं? वाट चुकलात की काय?"

"गाडी चुकली," अता म्हणाले.

येरसाइन बऱ्याच वेळानं आला. गाडीच्या काचेतून त्यानं आत नजर टाकली. दंडाला पट्टी बांधलेली एक पिवळी पडलेली म्हातारी बसलेली होती. त्यानं तिला आदाबही केला नाही. गाडीचं बॉनेट मात्र बोट फिरवून बघितलं.

"अता, काय हे. मला आधी विचारायचं तरी."

"तू म्हणालास ना, ब्रेकचा भाग कारखाना फुकट बदलतोय. माझी त्याच साली बनलेली आहे. त्याच कारखान्यात."

"बनलेली असेल. पण घेतली कुठून?"

"झांदोसनं आणली. खोर्गोसहून."

"मग झालं," येरसाइन म्हणाला. "बाहेरचा माल. जो आमच्याकडून गेला नाही त्याची जबाबदारी आमची नाही. ज्यानं आणली त्यानं न्यावी जिथून आणली तिथं."

"सीमेपलीकडं? ब्रेक नसलेली गाडी?"

"आणताना सीमा लांब नव्हती, आता लांब झाली का?" तो हसला. अतांनीही हसावं म्हणून थांबला. ते हसले नाहीत, तेव्हा त्यानं खांद्यावर हात ठेवला. "अता, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही घरचे आहात. गाडी घरची नाही."

"म्हणजे मी चालत आलो तरच घरचा?"

"तसं नाही हो."

"मग पैसे घे. जे काय होतील ते घे."

"पैशाचा प्रश्नच नाही. तत्त्वाचा आहे. आज तुमची केली की उद्या अख्खा खोर्गोस दारात. मग आमच्याकडून घेणाऱ्यांनी काय म्हणून घ्यायची? त्यांना कळलं पाहिजे ना, आपण शहाणपणा केला म्हणून."

तत्त्व म्हणे. शेजारच्या खोलीत त्या भागाचे खोके छतापर्यंत रचलेले अतांना उघड्या दारातून दिसत होते. कारखान्यानं फुकट पाठवलेले. ते बसवायला ह्याच्या खिशातून फुटकी कवडी जाणार नव्हती. पण आपल्याकडून न घेणाऱ्याचा ब्रेक लागला तर आपलं नाक कापलं जाईल, असं त्या माणसाला मनापासून वाटत होतं. अतांनी त्याच्याकडं नीट बघितलं. वाईट माणसं त्यांनी आयुष्यात पुष्कळ बघितली होती. पण त्यांना निदान काहीतरी हवं असायचं. ह्याला काहीच नको होतं, फक्त समोरच्याला मिळू नये एवढंच हवं होतं.

"उतारावर काही झालं तर?" त्यांनी विचारलं.

"हळू चालवा," येरसाइन म्हणाला. मग त्याला आठवलं. "आणि हो अता, उद्या मोठं काम आहे. नारिनकोलचा ओरिनबासार येतोय, गुरांचा व्यापारी. तीन पोरांसाठी तीन गाड्या, एकदम. आईला घेऊन येतोय. शापान इस्त्री करून ठेवलाय. जरा मनापासून द्या दुवा. आणि रविवारी माझ्या घरी यायचंय, विसरू नका. पोरगं चालायला लागलंय, रिवाजाप्रमाणं त्याच्या पायातली दोरी तुमच्या हातानं कापायचीय. पहिली दुवा तुमचीच." त्यानं खिशातून दुकानाच्या चिन्हाची किल्लीची साखळी काढली आणि अतांच्या तळहातावर ठेवली. "ही गाडी आता जरा लवकर काढा. पुढं बसलेल्यांना काचेतून दिसते."

अतांनी गाडी काढली.  चढ लागला तेव्हा कुलपाश म्हणाली, "त्यानं तुमच्या हातात काय ठेवलं?"

"साखळी."

"गळ्यात घालायला आखूड आहे," ती म्हणाली.

अतांनी साखळी खिडकीतून ओढ्यात फेकली.

"उद्या जाऊ नका," कुलपाश म्हणाली.

"का? कामाला जायचं नाही?"

"म्हातारबा, तुम्ही त्या लोकांच्या गाड्यांना रोज म्हणता, घरून निघालेला घरी जेवायला येवो. त्यांच्या गाड्या येतात घरी. आपलीच तेवढी गवतात जाते. तुमच्या बापाचे शब्द आहेत ते. त्यांनी त्या शब्दांची एक मेंढीसुद्धा घेतली नाही कधी कुणाकडून. तुम्ही ते खुंटीला टांगून आलात."

"तुझ्यासाठीच करतो ना?"

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर लाज वाटते."

 अतांना राग आला तो बायकोचा नव्हता. ती खरं बोलत होती आणि ते त्यांना अगदी आत लागलं. घरी गेल्यावर त्यांनी बराच वेळ आपले तळहात बघितले. मग गाईला पाणी दाखवलं आणि इस्पितळात फोन करून विचारलं, तिची रक्त धुण्याची पुढची वेळ एक दिवस पुढं ढकलता येईल का. नाही म्हणाले. उलट आजची पुरती झाली नव्हती, यंत्र मध्येच बंद पडलं होतं, त्यामुळे उद्याच आलं पाहिजे.

तेव्हा दुसऱ्या सकाळी ते पुन्हा उतरले. अख्खा उतार माणसाच्या चालीनं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून वाजवून पुढं गेल्या, एकानं काच खाली करून आईवरून शिवी दिली. पेडल दोनदा घट्ट झालं. दुसऱ्या वेळी चाक ओढ्याच्या कठड्याला घासून थांबलं. कुलपाशनं दाराचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं आणि डोळे मिटले होते. सून ओरडत होती. ह्या वेळी कुणी तिच्यावरून विनोद केला नाही. इस्पितळाच्या दारात उतरताना कुलपाश म्हणाली, "परतीला मी पायी येईन," आणि तिला दहा पावलंसुद्धा धड चालता येत नव्हतं.

अता शोरूममध्ये पोचले तेव्हा सगळं सजलेलं होतं. तीन काळ्या गाड्या, तिन्हींना लाल फिती. ओरिनबासार रुंद बांध्याचा, लालबुंद चेहऱ्याचा माणूस, बरोबर तीन दांडगी पोरं आणि पांढरं किमेशेक डोक्याला गुंडाळलेली त्याची आई. आई एका सोफ्यावर ताठ बसली होती आणि पेटीतल्या माशांकडं, हे खायचे की बघायचे, अशा नजरेनं बघत होती.

येरसाइननं शापान पुढं केला. अतांनी तो हातात घेतला आणि सोफ्याच्या पाठीवर ठेवून दिला. अंगात त्यांचाच जुना कोट होता, डोक्यावर त्यांचीच काळपटलेली टोपी.

"अता, अंगात घाला ना," येरसाइन पुटपुटला.

"उकडतंय," अता म्हणाले.

फीत कापली. पोरीनं गोळ्या उधळल्या. ओरिनबासार, त्याची पोरं, आई, दुकानातली माणसं, सगळ्यांनी तळवे उघडले आणि वाट बघू लागली. अता गाड्यांसमोर उभे होते. त्यांचे हात खालीच होते.

 कुणीतरी खाकरलं.

"अता," येरसाइन गोड आवाजात म्हणाला, "द्या दुवा."

"कसली?"

"कसली म्हणजे? गाड्यांना."

"ती देता येणार नाही," अता म्हणाले. आवाज चढा नव्हता, पण खर्जातला होता, सगळीकडं पोचला. "माझी दुवा इथून घेतलेली नाही. बेसकायनारला, बापाकडून घेतली. तुझ्या हिशेबानं बाहेरचा माल आहे. इथल्या गाडीला तो लावायचा आणि उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची? तूच शिकवलंस काल. तत्त्वाचा प्रश्न आहे."

येरसाइनच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं, पण त्यातला जीव गेला. "अता थट्टा करतात," तो ओरिनबासारला म्हणाला. "वय झालंय." मग एकदम सुचून त्यानं फोन काढला. "काही हरकत नाही, मागच्या आठवड्याची रेकॉर्ड केलेली आहे, त्यांचीच. आवाज साफ आहे. मोठ्या स्पीकरवर लावतो."

"मी गाडी घेतोय की रिंगटोन?" ओरिनबासार म्हणाला. "बाजूला हो जरा." मग अतांकडं वळून आदरानं, "अक्साकाल, झालंय काय?"

बोलायच्या आधी अतांनी हात हलवले, टोपी काढून घाम पुसायला. पण ते हात वर येताना बघून ओरिनबासारची तिन्ही पोरं मागं सरकली आणि दुकानातली पोरगी टेबलाआड गेली. पालथ्या हातांची दुवा म्हणजे शाप, हे तिथल्या प्रत्येकाला आईच्या दुधाबरोबर कळलेलं होतं. दुखावलेल्या म्हाताऱ्यानं तळहात जमिनीकडं केले की सात पिढ्या निस्तरतात. येरसाइनला इतका वेळ ते आठवलं नव्हतं, आता आठवलं. त्यानं फोन खिशात टाकला.

अतांनी फक्त घाम पुसला आणि टोपी परत घातली. आणि ओरिनबासारला सगळं सांगितलं, चार सरळ वाक्यांत. गाडी हीच, कारखाना हाच, दोष कारखान्यानं मान्य केलेला, भाग तिथं खोलीत पडलेला, आणि बायको इस्पितळात.

ओरिनबासारच्या आईनं तळवे मिटून मांडीवर ठेवले. "दुवा देणाऱ्याचं मन जळत असताना त्याच्यासमोरून किल्ली उचलायची नसते," ती मुलाला म्हणाली. "आधी त्यांची गाडी. मी बसलेय." मग येरसाइनकडं वळून, "आणि तू रे, ज्याच्या हातानं धंदा करतोस त्याच्याच बायकोला मरायला पाठवतोस? तुझ्या घरी कुणी म्हातारं नाही वाटतं."

"आजी, नियम..."

"नियम ह्या माशांना सांग," ती म्हणाली. "ओरिनबासार, ह्याला जमत नसेल तर चल. घोडे विकून घ्यायच्या आहेत ना गाड्या? दुसरीकडंही मिळतात."

मग काय विचारता. कालपर्यंत जो तत्त्वाचा डोंगर हलत नव्हता तो तीन गाड्यांच्या किमतीत टोपी काढून बाजूला झाला. मातकट गाडी पुढच्या दारानं, लाल गालिच्यावरून आत आली. दोन कामगार धावले, कॉम्प्युटर जोडला, खोका उघडला. आजीचा चहाचा दुसरा कप संपायच्या आत काम झालं. एवढंच होतं. चहाच्या दोन कपांएवढं. अतांना आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही.

"बघा अता, झालं की नाही," येरसाइन हात चोळत म्हणाला. त्याच्यात पुन्हा जीव आला होता. "तुम्ही घरचे म्हणून खास केलं. फक्त मागच्या फाटकाशी कुणाला बोलू नका."

 अता ओरिनबासारच्या पोरांसमोर गेले, तळवे उघडले आणि दुवा दिली. पूर्ण दिली, एक शब्दही गाळला नाही. घरून निघालेला घरीच जेवायला येवो, हे म्हणताना त्यांनी मातकट गाडीकडं बघितलं. दुवा मिळाली म्हणून सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. ह्या वेळी एकाच्याही हातात फोन नव्हता. आजीनं रुमालात बांधलेलं कुर्त, वाळवलेल्या दह्याचे खडे, काढून अतांच्या कोटाच्या खिशात कोंबलं, बायकोला द्या म्हणून.

शापान सोफ्याच्या पाठीवरच राहिला. अता गाडीत बसले आणि पुढच्या दारानं न जाता मुद्दाम वळून मागच्या फाटकाशी आले. बाकावर कालचा टॅक्सीवाला होता, आणखी चारपाच जण होते. अतांनी काच खाली केली.

"ब्रेकचे खोके डावीकडच्या खोलीत छतापर्यंत आहेत," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बसवायला चहा प्यायचा वेळ लागतो. मी बघून आलोय."

टॅक्सीवाल्यानं बियांची पुडी खिशात घातली आणि उठला. बाकीचेही उठले.

तेवढ्यात येरसाइन धावत बाहेर आला. त्या लोकांकडं त्याचं लक्षच नव्हतं. तो सरळ गाडीच्या खिडकीशी आला, आणि त्याच्या चेहऱ्यावर अतांनी पहिल्यांदाच काहीतरी खरं बघितलं. ती भीती होती.

"अता, मनात ठेवून जाऊ नका," तो म्हणाला. "रविवारी पोराचं आहे. तुम्ही असे निघून गेलात तर... मला दुवा देऊन जा. एवढीशी द्या." आणि त्यानं चकचकीत बूट चिखलात रोवून, दोन्ही तळवे खिडकीसमोर उघडले.

अतांनी त्या तळव्यांकडं बघितलं. मऊ होते, स्वच्छ होते.

"पोराला रविवारी देईन," ते म्हणाले. "त्यानं कुणाचं काही केलेलं नाही. तू पायातली दोरी कापायला दुसरा कुणी बघ, मी फक्त त्याला दुवा देऊन परत येईन, तुझ्या घरचा चहा घेणार नाही."

"आणि मला?"

"तू माझ्याकडून घेतलेला नाहीस, बाळा," अता म्हणाले. "तू जिथून आलास तिथं जा, त्यांच्याकडं माग. तुझी हमी मी देऊ शकत नाही."

त्यांनी ब्रेकवरून पाय काढला. गाडी निघाली. आतली बाई शांतपणे एक वाक्य बोलली आणि गप्प झाली. इस्पितळात कुलपाश वाट बघत असणार होती, आणि तिला पायी यावं लागणार नव्हतं. फाटकाच्या वळणावर अतांनी पेडल दाबलं, ते लोण्यासारखं खाली गेलं, आणि त्यांनी आरशात बघितलं. बाकावरची माणसं येरसाइनच्या दोन्ही बाजूंनी आत शिरत होती आणि तो अजून तिथंच, तळवे उघडे धरून उभा होता. न मिळालेल्या दुवेचे हात चेहऱ्यावरून फिरवायचे की खिशात घालायचे, हे त्याला कुणीच शिकवलेलं नव्हतं.